झिजलेली वरकस जमीन सुधारायची कशी? कोकणात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही फेब्रुवारीत उतारावरच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या हलक्या जमिनीत पहार घातली तर ती खणखणते. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, उतारावरची माती घेऊन ओहोळातून खाडीला जातो, आणि पुढचे आठ महिने जमीन कोरडी पडून राहते. मागे उरतो तो आम्लधर्मी, तांबडा, दगडगोट्यांचा मुरूम.

म्हणून मराठवाडा-सोलापूरकडचे कोरडवाहूचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे पडेल तो थेंब अडवायचा असतो. इथे आधी पाण्याला सावकाश चालायला लावायचं, माती जागेवर ठेवायची, आणि मग त्या पाण्यातलं थोडं उन्हाळ्यासाठी राखायचं. कामाचा क्रम असा: वणवा आणि मोकाट गुरं थांबवा, पाणी सावकाश करा, जमीन झाका, आणि शेवटी झाडं लावा. बहुतेक जण पहिल्याच जूनमध्ये कलमं आणतात आणि हा क्रम उलटा करतात. पहिलं पूर्ण वर्ष फक्त मातीला द्या. हे ज्यांना पटतं, त्यांची मरतूक भरण्याची मेहनत आणि खर्च दोन्ही वाचतात.

खालचे सगळे हिशेब २० गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण २,००० चौरस मीटरच्या तुकड्यासाठी आहेत. तुमचं क्षेत्र जास्त असलं तरी पहिल्या वर्षी एवढंच घ्या.

१. आधी कागद पाहा

लागणारी कागदपत्रं:

- चालू सातबारा आणि आठ-अ
- गटाचा नकाशा, शक्य असेल तर मोजणीच्या खुणांसह
- शेवटचे फेरफार
- आधार, बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक
- सामायिक खातं असेल तर सर्व सहहिस्सेदारांचं संमतीपत्र

कोकणात गाडं अडतं ते शेवटच्या कागदावर. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोघे-तिघे वारलेले आणि वारस नोंद नाही. ही कामं गणपतीत किंवा मे महिन्यात घरची माणसं गावी आलेली असताना उरका. संमती तोंडी घेऊन काम सुरू करू नका. झाडं फळाला आली की तोंडी संमती विसरली जाते.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा. तिथे कुळाचं नाव आहे का? १९७५च्या खासगी वन संपादन कायद्याचा शेरा आहे का? असा शेरा असेल तर एक चरही खणण्याआधी तलाठी आणि वनखातं, दोघांकडे जाऊन खुलासा करून घ्या. उतारावरची बरीच जमीन कागदावर पोटखराबा, म्हणजे लागवडीलायक नसलेली, म्हणून दिसते. त्यामुळे प्रत्यक्षात २० गुंठे असूनही योजनेसाठी ८ गुंठेच धरले जातात. ‘अ’ वर्गातला पोटखराबा लागवडीखाली आणला असेल तर तशी नोंद करून घेण्यासाठी महसूल खात्याकडे अर्ज करता येतो.

जागेवर ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, हिरडा असेल तर ‘साफसफाई’च्या नावाखाली तोडू नका. ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, तोडायला परवानगी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी उतारावरचं जुनं ऐनाचं झाड हा तुमच्या जमिनीचा सगळ्यात मोठा खिळा आहे.

फळबागेसाठी अनुदान घ्यायचं असेल तर भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी किमान मर्यादा ०.१० हेक्टर, म्हणजे १० गुंठे आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर करायचा. पूर्वसंमती हातात येण्याआधी खड्डे खणू नका, आधी झालेल्या कामाला अनुदान मिळत नाही.

२. जमीन ओळखा: सडा की वरकस?

कातळसडा आणि झिजलेली वरकस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सड्यावर जांभ्याचा अखंड कातळ असतो, वर बोटभर माती, पावसाळ्यात फुलांचा गालिचा, साचलेल्या डबक्यांत बेडूक आणि कीटक. काही ठिकाणी कातळशिल्पंही आहेत. ही जमीन बिघडलेली नाही, ती अशीच आहे. सुरुंग लावून, बाहेरून माती आणून तिथे बाग उभी करणं म्हणजे सुधारणा नव्हे. त्यासाठी दुसऱ्या कुणाची तरी माती उपसली जाते. सडा असेल तर तो गुरांपासून आणि आगीपासून राखा, आणि काम त्याच्या खालच्या उतारावर करा.

वरकस ओळखायची तर पहार घेऊन दर दहा पावलांवर ठोका. एक फुटापर्यंत पहार गेली तर काम होण्यासारखं आहे. त्याआधीच सगळीकडे कातळ लागला तर तिथे झाडांचा विचार सोडा, गवत आणि करवंदीच्या जाळ्या राहू द्या.

झीज किती झाली आहे हे दगड सांगतात. छोटे खडे मातीच्या इंचभर खांबावर उभे दिसले, तर आजूबाजूची तेवढी माती पावसाच्या माऱ्याने उडून गेली आहे. झाडांची मुळं उघडी पडली असतील तर तीही मोजा.

निचऱ्याची परीक्षाही याच वेळी करा. एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळचं घड्याळ लावा. तासाभरात रिकामा झाला तर मुरूम पाणी धरत नाही, तिथे सेंद्रिय भर आणि आच्छादन जास्त लागेल. रात्रभर पाणी तसंच राहिलं तर खाली कठीण किंवा चिकट थर आहे, तिथे फळझाड कुजेल.

आणि एक काम जुलैतल्या धो-धो पावसातच होतं. छत्री घेऊन जमिनीवर फिरा. पाणी कुठून आत येतं, कुठे वेग घेतं, कुठून बाहेर पडतं, तिथे तिथे काठ्या रोवा. उन्हाळ्यात बसून काढलेल्या कुठल्याही आराखड्यापेक्षा या काठ्या खऱ्या.

३. माती परीक्षण

नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वरचा कचरा बाजूला करून इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची चकती काढा. सगळं प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं अर्धा किलो उरेपर्यंत करा. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा, आत गट क्रमांक आणि तारखेची चिठ्ठी ठेवा. शेणाचा उकिरडा, बांध, झाडाखालची जागा, नुकतं खत टाकलेली किंवा जाळलेली जागा टाळा. वरचा उतार आणि खालची सपाटी यांचे नमुने वेगळे.

फळझाडं लावायची असतील तर ३०, ६० आणि ९० सेंटिमीटरवरचेही नमुने घ्या.

अहवाल वाचताना एक फसगत होते. सेंद्रिय कर्ब ‘मध्यम’ किंवा ‘भरपूर’ लिहून येतो आणि वाटतं, जमीन चांगली आहे. पण प्रयोगशाळा २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली मातीच तपासते. तुमच्या घमेल्यातले निम्मे खडे त्या आकड्यात येतच नाहीत. म्हणून पाठवण्याआधी नमुना घरी चाळून खडे किती आणि माती किती, हे वजन लिहून ठेवा.

सामू, म्हणजे पीएच, ५.५च्या खाली असेल तर अ‍ॅल्युमिनियम मोकळं होऊन मुळांची टोकं खुरटतात. त्यावर उपाय शेतीचा चुना, म्हणजे बारीक दळलेली चुनखडी, किंवा डोलोमाइट. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं, ते या धुपलेल्या मातीत बहुधा कमीच असतं. मात्रा प्रयोगशाळेकडून लिहून घ्या, अंदाजाने टाकू नका. भिंतीला लावायचा कळीचा चुना वापरू नका, तो मुळं भाजतो. चुना कोरड्या मातीत काम करत नाही, ओल लागते. वळवाचा पाऊस झाल्यावर मिसळा आणि शेणखत किंवा युरिया त्याच दिवशी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. तीन आठवड्यांचं अंतर ठेवा.

स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं, दुखणं वेगळं आहे. जांभ्या मातीतलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे फेकून दिलेलं सुपर फॉस्फेट झाडाला फारसं लागत नाही. शेणखतात मुरवून, मुळांजवळ, थोडं थोडं द्या. आम्लधर्मी मातीत रॉक फॉस्फेट चालतं, स्वस्तही पडतं, पण हळू विरघळतं. चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच जागी टाकलं तर चुन्यामुळे आम्लता कमी होते आणि फॉस्फेट विरघळायचं थांबतं. दोन्ही हवी असतील तर चुना पसरून, फॉस्फेट खड्ड्यात.

४. वणवा आणि गुरं

हे जमलं नाही तर पुढचं काहीच करू नका, पैसे जातील.

डिसेंबरमध्ये गवत पूर्ण वाळायच्या आत चारही बाजूंनी १० ते १२ फूट रुंदीची जाळरेषा काढा. गवत मुळाशी कापा, उपटू नका, नाहीतर त्याच पट्ट्यातून पुढच्या जूनमध्ये माती वाहील. कापलेलं गवत बाहेर टाकू नका, ते आच्छादनाला लागणार आहे, मधल्या भागात रचून ठेवा. फेब्रुवारीत पट्टा परत झाडून पालापाचोळा काढा. शेजारच्या जमिनीवर काजू किंवा आंबा असेल तर त्या मालकाला बरोबर घ्या, दोघांची रेषा एकच होईल.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हे ऐकायला मिळेल. हिरवा कोंब लवकर दिसतो हे खरं. पण राख जूनच्या पहिल्या सरींबरोबर वाहून जाते आणि उघड्या मातीवर पावसाचा मारा थेट बसतो. भाताच्या किंवा नाचणीच्या दाढीसाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, केली जाणारी भाजावळ, म्हणजे राब, हा वेगळा विषय आहे. पण त्यासाठी तुमच्या उतारावरची कवळं (झाडांच्या पानांसकट फांद्या) तोडली जात असतील तर ते आधी थांबवा.

भात कापणीनंतर गुरं मोकळी सोडायची गावपद्धत असते. तिच्याशी भांडून उपयोग नाही, गडगा घाला. जागेवरच्या सुट्या दगडांचा चार फुटी गडगा उत्तम. तेवढे दगड नसतील तर घायपात, सागरगोटा, शिकेकाई आणि करवंद यांचं काटेरी कुंपण जूनमध्ये दोन ओळींत लावा. ते घट्ट व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर बांबूच्या काटेरी फांद्यांची वई करावी लागते.

५. पाण्याला सावकाश चालायला लावा

आधी हिशेब. २० गुंठ्यांवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं निम्मं वाहिलं असं धरू, एक लाख लिटर. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चराच्या एका मीटरमध्ये १८० लिटर मावतात. दर दहा मीटरवर चर घेतले तर २० गुंठ्यांत २०० मीटर लांबी होते, म्हणजे फार तर ३६,००० लिटर. बाकीचं पाणी चर ओलांडणारच. आणि कोकणात २०० मिलिमीटरचा दिवसही येतो.

म्हणजे इथे चर ही टाकी नाही, ती गतिरोधक आहे. पाणी कुठून ओलांडेल हे तुम्ही ठरवलं नाही तर ते स्वतः ठरवतं, आणि तिथे ओघळ पडते.

उतारानुसार काम वेगळं:

- १०० फुटांत १० फुटांपर्यंत उतार: समतल रेषेवर वाळ्याच्या ओळी आणि दगडांचे बुटके बांध पुरे. चर शक्यतो नको.
- १० ते २५ फूट: तुटक चर. प्रत्येकी ३ ते ४ मीटर लांब, मध्ये दोन फुटांचा न खणलेला भाग, खालच्या ओळीतला चर वरच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर. सलग चर नको, एका जागी फुटला तर सगळ्या लांबीचं पाणी तिथूनच उतरतं.
- २५ फुटांच्या वर: खणू नका. गवत, झुडपं, झाडं एवढंच.

घराच्या, रस्त्याच्या किंवा वाडीच्या वरच्या अंगाला, भेगा दिसणाऱ्या किंवा पावसाळ्यात नवे झरे फुटणाऱ्या उतारावर एकही चर घेऊ नका. जांभ्याखाली पांढुरक्या-गुलाबी चिकट मातीचा थर असतो, अनेक गावांत त्याला शेडी म्हणतात. वरून मुरलेलं पाणी त्यावर साचलं की वरचा भाग घसरू शकतो. जुलै २०२१मध्ये महाडजवळच्या तळिये गावात आणि जुलै २०२३मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीत मुसळधार पावसात डोंगर खाली आला, माणसं गेली. अशा उतारावर पाणी मुरवायचं नसतं, सुरक्षित वाटेने बाहेर काढायचं असतं. शंका असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला जागा दाखवा, मगच कुदळ उचला.

समतल रेषा काढणं. लागतं ते एवढंच: दोन मीटरच्या दोन सरळ काठ्या, एक आडवी काठी, सुतळी, एक दगड. काठ्या वर बांधून खाली पाय फाकवा, मध्ये आडवी काठी बांधा, टोकावरून दगड लोंबता ठेवा. सपाट जागेवर उभी करून सुतळी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. पाय अदलाबदल करून दुसरी खूण करा, दोन्हींचा मध्य म्हणजे समतल. आता उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वरखाली हलवा, सुतळी मध्यावर आली की खुंटी मारा, पुढे चला. वाऱ्यात दगड झुलतो, म्हणून सकाळी लवकर करा. गवंड्याची पारदर्शक पाणनळी असेल तर तीही चालते. डोळ्यांनी रेषा काढू नका, कोकणातल्या उतारावर नजर हमखास फसते.

चर खणणं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन मऊ असताना. मे महिन्यात खणून ठेवलेला सुटा ढिगारा पहिल्याच पावसात चरात परत येतो. माती खालच्या अंगाला टाका, चराची कड आणि ढीग यांत एक फूट जागा सोडा, माती धुमसाने चोपा, वर कापलेलं गवत अंथरा, पायथ्याशी दगड लावा.

वाळा. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस लागून राहिला की लावा. ठोंब फोडून दोन-तीन फुटवे एकत्र, पानं वीतभर ठेवून छाटलेली, १५ सेंटिमीटर अंतरावर. अंतर वाढवलं तर फटीतून पाणी निसटतं आणि ओळ निकामी होते. २०० मीटरला साधारण १,३५० जागा होतात. एवढं रोप विकत घेणं परवडत नाही, म्हणून एक वर्ष आधी विहिरीजवळ पन्नास-साठ ठोंब लावून ठेवा. मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाचं फार खात नाहीत. पहिल्या वर्षी मेलेल्या जागा ऑगस्टपर्यंत भरा.

ओघळीतले दगडी बांध. पाया एक फूट खोदून, मोठे दगड बाहेरच्या बाजूला, उंची दोन ते अडीच फूट. मधला भाग कडांपेक्षा वीतभर खाली ठेवा, म्हणजे पाणी मधूनच ओलांडेल. हे विसरलं की पाणी बांधाच्या बगलेतून काठ कापत जातं आणि पुढच्या वर्षी बांध मध्ये उभा, ओघळ बाजूला, असं दिसतं. ओलांडणारं पाणी जिथे आदळतं तिथे सपाट दगडांचा पाट अंथरा. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीला येईल एवढं अंतर.

६. जेसीबी नको

‘एका दिवसात सपाट करून देतो’ म्हणणारे भेटतील. वरची सहा इंच माती, जिच्यात जे काही जीवन उरलं आहे ते आहे, ती खाली गाडली जाते आणि तीन फूट खालचा मेलेला मुरूम वर येतो. कापलेला उभा काठ दोन पावसाळ्यांत ढासळतो. सपाटी हवीच असेल तर गडग्याच्या वरच्या अंगाला माती आपोआप साचू द्या. उतारावरच्या जुन्या मजग्या, म्हणजे पायऱ्यांसारखी शेतं, अशाच वर्षानुवर्षं भरल्या गेल्या.

७. जमीन झाका, मातीला खाऊ घाला

पहिल्या पावसाळ्यात ताग पेरा. २० गुंठ्यांना ८ ते १० किलो बी. साधारण ४५ ते ५० दिवसांनी, फुलावर यायच्या वेळी, कापून जागेवरच आडवा पाडा. सपाटीवर नांगरून गाडतात, उतारावर नांगर घालू नका, वरून अंथरलेलाच बरा. धैंचा पाणथळ खाचरासाठी चांगला, निचऱ्याच्या मुरमावर ताग सरस. ताग कापल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर कुळीथ किंवा चवळी टाका. दाणे घरी, मुळं आणि पाला मातीला.

गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) म्हणजे तुमचा कायमचा खतकारखाना. अंगठ्याएवढ्या किंवा थोड्या जाड, तीन फुटी फांद्या, खालचं टोक तिरकं कापून, जूनमध्ये फूटभर खोल, दोन फुटांवर. बांधावर आणि गडग्याच्या आतून लावा. दुसऱ्या वर्षापासून तीन फुटांवर छाटा, वर्षाला दोन-तीन कापण्या मिळतात. पाल्यात नत्र भरपूर असतं आणि तो लवकर कुजतो. म्हणूनच नुसत्या गिरिपुष्पाचं आच्छादन महिन्याभरात नाहीसं होतं. वर ऐनाचा, आंब्याचा, फणसाचा जाड पातेरा (गळलेला पाला) आणि भाताचा पेंढा लागतो. दोन्ही मिळून सहा इंचांचा थर ठेवा.

पातेरा शेजारच्या रानातून गोळा करून आणू नका. ते रान तुमच्यासाठी उघडं पडतं.

ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं फुकट मिळतात म्हणून लावली जातात. लवकर वाढतात, पण खाली दुसरं फार काही उगवू देत नाहीत. त्यापेक्षा आधीपासून उगवलेलं ऐन, किंजळ, जांभूळ यांच्या बुंध्यांना फुटलेले कोंब राखा. एका बुंध्यावर दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटा. जुन्या मुळावरचा कोंब नव्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि त्याला पाणी घालावं लागत नाही.

८. दुसऱ्या वर्षी झाडं

काजू ७ मीटर अंतरावर लावला तर २० गुंठ्यांत ४० झाडं बसतात. सगळी काजूची लावू नका. वीस-पंचवीस काजू (वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राची वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७), खालच्या ओलसर, थोड्या सावलीच्या भागात कोकम, कडेला फणस आणि जांभूळ, ओघळीच्या काठाला माणगा बांबू. अवकाळी पाऊस, मोहोराच्या वेळची ढगाळ हवा, मार्चमधली उष्णतेची लाट, यांतलं काहीही आलं तरी सगळं एकदम हातचं जाऊ नये. कोकमाची कलमंच घ्या. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, बियांच्या रोपांतली जवळपास निम्मी नर निघतात आणि ते कळायला वर्षं जातात.

खड्डे मार्च-एप्रिलमध्ये, दोन फूट लांब-रुंद-खोल. कठीण मुरूम असेल तर मीटरभर. वरची माती वेगळी ठेवा. मे अखेर तळाला पालापाचोळा, मग वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि एक किलो रॉक फॉस्फेट मिसळून भरा. जमिनीच्या वर वीतभर उंचवटा राहू द्या, पावसाने तो बसतो. जांभ्यात खणलेला खड्डा घागरीसारखा भरून राहतो, म्हणून उताराकडच्या अंगाला तळापासून बाहेर एक अरुंद चारी काढा. जुलैत पिवळी पडून मेलेली कलमं बहुतेक वेळा पाण्याअभावी नाही, पाण्यात बुडून मेलेली असतात.

लावताना पिशवी पूर्ण काढा, गुंडाळलेली मुळं कापा, कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या, जोडाखालचे फुटवे दर महिन्याला काढा. काजूत आणखी एक चांगला मार्ग आहे: जागेवरच बी लावायचं आणि नंतर त्यावर कलम बांधायचं. सोटमूळ सरळ खाली जातं आणि झाड वाऱ्यात टिकतं. ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१चं तौक्ते यांनंतर कोकणात हा विचार प्रत्येकाने करायलाच हवा. पश्चिम-नैऋत्येच्या कडेला बांबू, उंडी, करवंद अशी उंच-बुटकी मिश्र वारारोधक पट्टी लावा. भिंत नको, भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे जास्त जोराने पडतो.

९. पहिले दोन उन्हाळे

डिसेंबर ते मे असे २६ आठवडे, झाडाला आठवड्याला १५ लिटर, म्हणजे दहा झाडांना ३,९०० लिटर. ४ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल जलकुंडात, म्हणजे ताडपत्री अंथरलेल्या खड्ड्यात, ४,००० लिटर मावतात. चाळीस झाडांना अशी चार कुंडं, वरच्या अंगाला, म्हणजे नळीने पाणी उतरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जलकुंडाचा चांगला प्रसार केला आहे.

पण उघड्या कुंडातून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं तरी २०० दिवसांत एक मीटर उडतं. म्हणजे सगळं कुंड! आडव्या टाकलेल्या बांबूंवर नारळाची झापं टाकून ते पावसाळा संपताक्षणी झाका. जाड ताडपत्री ७ बाय ४ मीटरची लागते, चारही कडांना अर्धा मीटर वर येते. खाली चाळलेली माती आणि वाळकं गवत अंथरलं नाही तर मुरमाचे टोकदार खडे ती फोडतात. कडेने कुंपण घाला, पोरं आणि वासरं पडतात. आत एक खडबडीत ओंडका तिरका ठेवा, पडलेले प्राणी चढून येतात.

पाणी बुंध्यापाशी ओतू नका. बुंध्यापासून हातभर अंतरावर, तळाला बारीक छिद्र पाडून वात बसवलेलं मडकं पुरा, तोंडावर करवंटी ठेवा. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नका, चार बोटं मोकळी जागा सोडा, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. दक्षिण-पश्चिमेकडून दोन झापांची सावली पहिल्या वर्षी लागते.

१०. दरवर्षी काय मोजायचं

जूनच्या आधी चराच्या आणि ओळींच्या वरच्या अंगाला वीसेक लोखंडी सळ्या ठोका, जमिनीच्या पातळीला रंगाची खूण करा. ऑक्टोबरमध्ये खूण मातीत गेली की उघडी पडली ते पाहा. सळी जिथे उघडी पडली तिथे वाळ्याची आणखी एक ओळ हवी. चरातला गाळ दर ऑक्टोबरला काढून झाडांच्या आळ्यात परत टाका, ती तुमचीच माती आहे. निचऱ्याचा एक फुटी खड्डा दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेजवळ करा. माती परीक्षण तिसऱ्या वर्षी पुन्हा, त्याच ठिकाणांवरून, एप्रिल-मेमध्येच, आणि खडे-मातीचं वजन याही वेळी आधी लिहून ठेवा. झाडं लावलेल्या क्षेत्राची ई-पीक पाहणीत (पिकांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) नोंद करायची ती दुसऱ्या वर्षाच्या खरिपापासून. ती राहिली तर वादळात झाडं पडल्यावर पंचनाम्यात अडचण येते.